सुनेसाठी आंबवलेलं पीठ

अंबरपेठच्या त्या गिरणीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी सून पोलंडची. ईस्टरला तिच्या माहेरी राय नावाच्या धान्याचं पीठ आंबवून सूप करतात. तिचा इथला हा पहिलाच ईस्टर, म्हणून तिला न सांगता ते करायचं मी ठरवलं. शंभर ग्रॅम पीठ, अर्धा लिटर पाणी, पाच दिवस. दोनदा तंतोतंत केलं आणि दोन्ही वेळा बरणीत हिरवी बुरशी आली.

तिसऱ्यांदा गिरणीवर गेलो तेव्हा ईस्टरला तीनच दिवस उरले होते. तो नेहमीसारखा ज्वारीवरच माझी राय टाकायला निघाला.

"आधी चक्की साफ करो!" मी ओरडलो.

दळून झाल्यावर त्यानं पीठ चिमटीत चोळलं, हुंगलं आणि बोटं भुवईला पुसली. या सवयीचाही मला वैताग यायचा.

"इत्ते बार क्या बनारें साब?"

मी वजनमापासकट सगळं सांगितलं.

"पाँच दिन? इस गर्मी में?" तो हसला. "हमारी अम्मा आंबील दूसरे दिनच सूंघ के उठा लेती थी. आपके घर में इसकी बास किसकू मालूम है?"

मालूम होती एकट्या सुनेलाच, आणि बरणी मी तिच्यापासूनच लपवली होती.

घरी येताच पीठ भिजवलं आणि दुसऱ्या दिवशी बरणीचं झाकण तिच्यासमोर उघडलं. तिनं डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ.

"झालं, बाबा. उद्या नको, आजच गाळून फ्रीजमध्ये ठेवू."

कृतीतला पाच खोडून मी दोन लिहिलं. गिरणीवाल्याला अजून सांगितलेलं नाही. आधी त्यानं चक्की साफ करायला शिकावं.