सोंडेतली कळी

आमच्या संग्रहालयाच्या वेबसाइटवरच्या फोटोंना मी वर्णनं लिहीत होते. ज्यांना दिसत नाही, त्यांना फोन ती वाचून दाखवतो. नीट जमलंय का हे तपासायला सुलभाताई आल्या होत्या. त्या निवृत्त संगीतशिक्षिका, जन्मापासून अंध. फोनने वाचलं, "पितळी हत्ती, पाठीवर दिवा."

"सोंड कुठं वळलीय हो त्याची?" त्यांनी विचारलं.

अकरा वर्षं रोज त्या हत्तीसमोरून जाते, पण सांगता येईना. "थांबा हं," म्हणत जिना उतरून दालनात धावले. काचेला नाक लावून पाहिलं. सोंड वर उचललेली होती आणि तिच्या टोकाला कमळाची इवली कळी होती! मला ती कधी दिसलीच नव्हती.

धापा टाकत परतले आणि उभ्या उभ्याच टाइप केलं. फोनने नवं वाक्य वाचलं, तसा सुलभाताईंचा हात हवेत वर वर गेला आणि बोटं अलगद जुळली.

दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की आपण किती निराळं पाहतो! अख्खं संग्रहालय अजून पाहायचं राहिलंय, या आनंदाने मला बसवेना.

"कळी मिटलेली आहे, की उमलू लागलेली?" सुलभाताईंनी विचारलं.

मी पुन्हा जिन्याकडे धावले.