धोंड्याच्या जेवणाचा उपास

आमच्या बारामतीकडे पुरुषाचं पोट वाढलं की ‘तब्येत झाली’ म्हणतात, बाईचं वाढलं की ‘सुटली’. माझी चांगलीच तब्येत झाली होती. डॉक्टरांनी गोड आणि तूप बंद करायला सांगितलं. ते मी चोरून पाळू लागलो, कारण ऑफिसात कोणी ‘काय राव, डाएट?’ म्हटलं असतं तर मी लाजेनं मेलो असतो. डाएट बायकांनी करायचं, अशी माझीही समजूत.

अधिक महिन्यात कळसला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण होतं. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. जावयानं नको म्हणणं म्हणजे सासरचा अपमान. खरं सांगायचं धाडस कुठलं? वार गुरुवार होता, म्हणून म्हणालो, “माझा उपास आहे. दर गुरुवारी धरतो.”

“कशासाठी धरलाय, जावईबापू?” सासूबाईंनी विचारलं.

शेजारी सासरे बसले होते. त्यांना शुगर, पायाची जखम भरत नव्हती, आणि गोड सोडा म्हटलं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

“आबांच्या पायासाठी,” मी बोलून गेलो.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग माझ्यापुढं साबुदाण्याची खिचडी आली, शेंगदाण्याची आमटी, तुपात परतलेले बटाटे. एकादशी, दुप्पट खाशी! त्यापेक्षा धोंडे परवडले असते. बायकोला सगळं माहीत होतं. तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

सासऱ्यांनी मात्र स्वतःचं ताट बाजूला सारलं. “जावयानं माझ्यासाठी उपाशी ऱ्हायचं, आन् मी गोड हादडू व्हय?”

त्यांनी खरंच सोडलं. चहासुद्धा बिनसाखरेचा. जखम भरत आलीय. जावई असावा तर असा, म्हणून सासूबाई गावभर सांगतात. बायको म्हणते, आता जन्मभर गप्प बसा, खरं कळलं तर ते रागानं परत गोडावर तुटून पडतील.

माझं पथ्य कधीच सुटलं. सासऱ्यांचा फोन मात्र दर गुरुवारी येतो. परवा आला तेव्हा मी गाड्यावर उभा राहून वडापाव खात होतो.

“झेपतंय न्हवं? माझ्या पायापायी तुमी वाळू नका. आता सोडा उपास.”

तोंडात घास होता. नुसतं “हं” म्हणालो.

“बघा, आवाजसुदिक खोल गेलाय तुमचा,” ते म्हणाले.