पोट्टी अभ्यास करताना हसली म्हणून

मित्रांनो, आज मले माझीच लाज वाटून राहिली आहे.

इंजिनिअरिंगला असलेली माझी पोट्टी सकाळी ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक वाचताना खुदुखुदु हसली. "असा असते का अभ्यास?" म्हणत मी सोबत अभ्यासाले आलेल्या तिच्या मैत्रिणीसमोर ते हिसकावून घेतलं.

ऑफिसातून आल्यावर मी ते उघडलं. ॲम्प्लिफायर म्हणजे कानात सांगितलेली गोष्ट साऱ्या मोहल्ल्यात ओरडून सांगणारी शेजारीण, असं लिहिलं होतं. माझ्या डिप्लोमाच्या वेळी नुसतं घोकलेलं आज समजलं, आणि मी मोठ्यानं हसलो.

दारातून पोट्टीनं हळूच विचारलं, "पापा, अब मैं पढ़ लूँ?"

माझी मान वरच होईना. पुस्तक दिलं, पण माफी तोंडातच राहिली. मैत्रीण उद्या पुन्हा येणार आहे. तिच्यासमोरच पोट्टीची माफी मागावी ना?