कपाटाकडे जाणारा बाण

बाण्याचा मोबाईलवर आलेला निरोप वाचून भागत नाही, त्याच्या मागोमाग चालत जावं लागतं. 'दवाखाना → तुझं घर → चहा, साखर ↑' एवढं आलं की मी गॅसवर आधण ठेवतो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, आता त्याच भाषेत उत्तर देतात. 'दूध ↓' असं त्यांनी पाठवलं की हा निमूटपणे पिशवी घेऊन जिना उतरतो.

बाण्या आमच्या नाटक मंडळीचा प्रॉम्प्टर. आमच्या संहितांवर तो लाल पेन्सिलीने बाण काढायचा: या दारातून आत, त्या दारातून बाहेर. आम्ही नट मंडळी बुद्धी घरी ठेवून यायचो आणि बाण दिसेल तिकडे जायचो. त्याचा बाण कधी चुकला नाही. म्हणून तर हे नाव पडलं.

मग त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मंडळीच्या मालकांना नव्या नाटकाची घाई होती.

"बोलता न येणारा प्रॉम्प्टर ठेवून करू काय?" ते मला म्हणाले. "पुतळा म्हणून उभा करू?"

बाण्याने ते ऐकलं. घरी बसवलं तर हा माणूस वाळून जाईल, हे मला ठाऊक होतं. पडदा उघडायच्या वेळी तो घरातल्या घरात सुद्धा अस्वस्थ व्हायचा. पण त्याने तोडगा काढला. रंगमंचाच्या कडेला, कुंड्यांच्या आड, आमच्याकडे तोंड करून एक स्क्रीन ठेवायचा. तो मोबाईलवर टाइप करणार, आम्ही वाचणार. बाणांची चिन्हं त्याला मोबाईलच्या कीबोर्डमध्ये सापडली तेव्हा त्याने मला अख्खं पान भरून पाठवलं: सरळ, वळलेले, दुहेरी, जाड. खाली लिहिलं होतं, 'पेन्सिल गेली खड्ड्यात.'

"एक प्रयोग बघतो," मालक म्हणाले. "जमलं तर ठीक. नाहीतर त्याला शाल देऊन मोकळं करू."

तालमीत सगळं झकास झालं. तालमीत बाण्या आमच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायचा. प्रयोगाला मात्र मागे नेपथ्यातल्या घराची भिंत उभी होती, म्हणून मालकांनी त्याला प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत बसवलं. आता तो आमच्या समोर आला होता. त्याची उजवी बाजू ती आमची डावी, हे त्याच्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मी नाटकातला कडक बाप. एका बाजूला घराचं दार, दुसऱ्या बाजूला लाकडी कपाट. मी मुलावर कडाडलो, "पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस." मुलाचं काम करणारा आमचा साठीतला नायक. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. बाण्याने दाराकडे म्हणून बाण टाकला होता; नायकाला तो कपाटाकडे दिसला. तो मान खाली घालून गेला, कपाट उघडलं, आत शिरला आणि दार लावून घेतलं.

सभागृहात कुणीतरी खोकलं. सूनबाई रडत त्याच्या मागे निघाली. तीही कपाटात गेली. मग माझी नाटकातली बायको म्हणाली, "माझं लेकरू जिथे जाईल तिथे मी जाईन," आणि तीही. आतून "जरा सरका" असं ऐकू आलं. आता लोक उघड हसत होते. पुढचा बाण माझ्यासाठी होता. चाळीस वर्षांची सवय, पाय आपोआप वळले. कपाट उघडलं, तर आत जागा नव्हती.

मी वळून पाहिलं. बाण्या मोबाईलकडे बघत होता, मग आमच्याकडे, मग पुन्हा मोबाईलकडे. विंगेत मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. शाल बहुधा आणूनच ठेवली असावी.

आणि जन्मात कधी प्रेक्षकांसमोर न आलेला तो माणूस उठला. पायऱ्या चढून रंगमंचावर आला. मला बाजूला केलं. नायकाचा हात धरून त्याला कपाटातून बाहेर काढलं, मधोमध उभं केलं, आणि आपला उजवा हात खांद्यापासून बोटापर्यंत ताठ करून दाराकडे धरला. असा बाण आम्ही संहितेत कधी पाहिला नव्हता. नायक खरोखर रडत दाराबाहेर गेला. मागोमाग दोघी गेल्या. हसणारं सभागृह एकदम चूप झालं आणि मग टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, हा या घरातला मुका वडीलधारा, कुणाला जमत नाही ते करायला आला.

मध्यंतरात बाण्या कोपऱ्यात घाम पुसत होता. मालक समोर येऊन उभे राहिले.

"उद्यापासून स्क्रीन नको," ते म्हणाले. बाण्याने मान खाली घातली. "तू नाटकातल्या बापाचा थोरला भाऊ. रोज याच वेळी यायचं आणि हात दाखवायचा. कपाट राहू दे. लोकांना आवडलंय."

मी म्हणालो, "म्हणजे पुतळा म्हणूनच उभा केलात की."

"गप्प बसा," मालक म्हणाले, "तो बसतो तसे."

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: 'घर → नाट्यगृह. मेकअपची खोली →.' आणि खाली, पहिल्यांदाच, खुलासा: 'उजवीकडे म्हणजे तुझ्या.'