बेचिराख गावची पांढरी माती

लग्न होऊन मी रोहिणखेडच्या बाजूला आले, तेव्हा नवऱ्याच्या वाट्याला टेकडीच्या उताराचं वावर होतं. नुसता मुरूम. ज्वारी गुडघ्याच्या वर जात नसे. सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं की यंदाही पिकलं नाही तर ते गुरांना चराईला सोडायचं आणि आम्ही दोघांनी थोरल्या दिरांच्या वावरात राबायचं. मला जावेच्या हाताखाली राबायचं नव्हतं. खरं कारण तेवढंच.

वावराला लागून एक उठून गेलेलं गाव होतं. नागपूरच्या सरकारी कागदात त्याला बेचिराख म्हणत. घरांच्या भिंती विरघळून पांढऱ्या मातीचं टेकाड झालं होतं. एकदा सरपण वेचताना पाहिलं, तर पाखरांनी सांडलेल्या दाण्यांची ज्वारी तिथे माझ्या डोक्याच्या वर गेलेली. चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट, माहेरी वावरात खत म्हणून टाकत त्या मातीसारखी. सरपण तिथेच टाकून मी पळत घरी आले.

सासूबाई भडकल्या. ते गाव पटकीनं उठलं होतं. तिथली माती आणली की मेलेली माणसं मागे येतात, असं त्यांचं म्हणणं.

"त्या भुताच्या मातीतली भाकर तूच खाजो," त्या म्हणाल्या.

"खाईन. आता तर तेबी नाही."

पेरणीआधी नवऱ्याला गाडी जुंपायला लावली. पहिल्या चार तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, मी माती सारवणासारखी जाड दिली. चूक माझीच. रोपं तीन पानांवर करपली. जाऊ बांधावर येऊन हसून गेली. पण टोपली झटकली होती तिथे माती पातळ पडलेली, आणि तिथलीच रोपं काळीभोर हिरवी! मग बाकीच्या वावरात शेणखतात मिसळून मूठमूठ फेकली. दर दोन दिवसांनी जाऊन मी ज्वारी अंगाला लावून मापायची. कंबर, खांदा, मग हात वर करूनही शेंडा सापडेना. मी एकटीच वावरात हसत सुटले.

कणसं भरल्यावर सासरे आले. एक कणीस वाकवून त्यांनी दाणा दातानं फोडला. माझ्याकडे न पाहता नवऱ्याला म्हणाले, "उन्हाळ्यात माह्या वावरातबी आण ती माती."

"आधी सांगा मामाजी, हे वावर कोनाचं?" मी विचारलं.

"तुमचंच हाय. काऊन?"

"मंग चारच गाड्या न्या. टेकाड एका सालात संपवाचं नाही."