ओढ्यापलीकडची विहीर

"असंच लिहू का?"

बाई समोरच्याचं बोलणं वहीत उतरवून घ्यायच्या, मग ते त्यालाच मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि चष्म्यावरून बघत हे विचारायच्या. माणूस चटकन हो म्हणाला तर लिहिलेलं तसंच राहायचं. घुटमळला, तर बाई पेनाला टोपण लावून गप्प बसायच्या. सर्वे करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दारातून उभ्या उभ्या प्रश्न टाकतात आणि उत्तर अर्धं असतानाच पुढचं घर गाठतात. या बाई एका घरात सगळी दुपार घालवायच्या.

मी तेव्हा बेंबळीच्या पुढं एका गावात ग्रामसेवक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या वर्षी ऐन सोयाबीन काढणीच्या वेळी सलग तीन दिवस पाऊस कोसळला, ओढ्याला पूर आला, आणि त्यानंतर महिन्याभरानं बाई आल्या. मूळच्या तुळजापूरच्या, शिक्षकाची मुलगी. नोकरी पुण्याला, समाजशास्त्र शिकवायच्या. पूर, गारपीट, उन्हाची लाट येऊन गेली की मागं कोण आजारी पडतं, कोण लवकर उठतं आणि कोण उठत नाही, हा त्यांचा अभ्यास.

"पाऊस काय मॅडम, सगळ्यांवर सारखाच पडतो," मी म्हणालो होतो.

"पडतो सारखा, भाऊसाहेब. वाहत कुणाच्या दारात जातो, ते बघायला आलेय."

त्यांच्या नावाआधी डॉक्टर लागायचं. ते कळल्याबरोबर गावातले एक म्हातारे धोतर वर करून गुडघा घेऊन पुढं आले. "आजोबा, मी गुडघ्याची डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या. "मग कशाची?" "गावाची." म्हातारे हटले नाहीत. "मग गावातच हाय की माझा गुडगा. बघा." बाई खळखळून हसल्या आणि पायरीवर बसल्या. तासाभरात त्यांनी त्या गुडघ्याची सगळी कहाणी काढली. पुराच्या पाण्यात रात्रभर कुठं उभे राहिले, का उभं राहावं लागलं, दवाखान्यात कधी गेले, का गेले नाहीत. जाताना वाचून दाखवलं. म्हातारे ऐकून थक्क झाले. "एवढं म्या बोललो व्हय?"

बायकांना त्या भलतंच काही विचारायच्या. "उन्हाचं रानात कामाला जाता, तर पाणी किती वेळा पिता?" बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. मग एखादी धीट बाई बोलायची, "पीतच न्हाय बाई. पिलं की बसायला आडोसा पायजे. आमाला कुठला आडोसा, वावर तर दुसऱ्याचं." मी पस्तीस वर्षं गावोगाव नोकरी केली. हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो.

त्या गावात दोन विहिरी. एक वर, गावठाणात. दुसरी ओढ्यापलीकडं, बौद्ध वस्तीत. पुराचं पाणी त्या खालच्या विहिरीत शिरलं होतं. पूर ओसरला की विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायची आणि तशी नोंद वहीत करायची, हे माझं काम. वरच्या विहिरीत मी शिपायाकडून पावडर टाकून घेतली. खालच्या विहिरीत टाकली नाही. नोंद मात्र दोन्हींची केली. ओढ्यात चिखल होता, असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. पण त्याच आठवड्यात, त्याच चिखलातून, मी सरपंचांच्या मळ्यात जेवायला गेलो होतो.

दहा-बारा दिवसांनी वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. बरीच माणसं दवाखान्यात गेली आणि परत आली. सुमन नावाच्या बाईची सासू परत आली नाही.

बाईंनी घरोघर फिरून कोण कधी आजारी पडलं आणि कुठल्या विहिरीचं पाणी पीत होतं, ते एका मोठ्या कागदावर मांडलं. मग त्या माझ्या कार्यालयात आल्या. वही मागितली. मी दिली. बराच वेळ पानं उलटत होत्या.

"भाऊसाहेब, तुमचं पेन फार टिकतं."

मला कळलं. महिन्याची वही आम्ही शेवटच्या दिवशी एका बैठकीत भरायचो. पहिल्या तारखेपासून तीस तारखेपर्यंत एकच शाई, एकच वळण. मी हसून वेळ मारून नेली.

"वस्तीतल्या बायका म्हणतात, पाण्याला पावडरीचा वास आलाच नाही. वरच्या विहिरीला चार दिवस येत होता."

"बायका काय मॅडम, विसरतात. पावडर टाकली होती."

बाईंनी लिहून घेतलं. वाचलं. "ग्रामसेवक सांगतात की खालच्या विहिरीत पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी पावडर टाकली. असंच लिहू का?"

त्यांनी टोपण लावलं. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, किका मारल्याचा आवाज येत होता. तेवढा वेळ त्यांनी मला दिला. मी निवृत्तीचा विचार केला, चौकशीचा केला, पेन्शनीचा केला. आणि म्हणालो, "लिहा."

पुढं तालुक्याला बैठक झाली. बाईंनी उभं राहून सांगितलं की या गावात नोंदवही आणि बायकांचं म्हणणं जुळत नाही, पुन्हा तपासा. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दोन्ही विहिरींत पावडर नियमित पडते साहेब. लोक पाणी उकळत नाहीत, घागरी झाकत नाहीत." विषय तिथं संपला.

माझं ते वाक्य मात्र माझ्याआधी गावात पोचलं आणि सरळ सुमनच्या दारात गेलं. घरात पाणी भरायचं काम तिचं. "सुनंनं पाणी उकळलं न्हाय, म्हातारी घालवली," असं लोक बोलायला लागले. तिचा नवरा भारत भांडखोर नव्हता. त्यानं हात उगारला नाही, की शिवी दिली नाही. तो आपलं पाणी स्वतः भरून वेगळ्या कळशीत ठेवायला लागला आणि बायकोच्या हातचं पाणी त्यानं सोडलं. हे मला शिपायानं हसत सांगितलं होतं. मीही हसलो असेन. आठवत नाही. हसलोच असेन.

त्यानंतरही बाई दरवर्षी एकदा यायच्या. मी तिथं नोकरीला असेपर्यंत माझ्याकडं डोकवायच्या, चहा घ्यायच्या, सांधेदुखीची चौकशी करायच्या. वहीचं नाव कधी काढलं नाही. त्यांच्या अहवालाची एक प्रत त्यांनी मला दिली होती. त्यात गावाचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग वर्षं जात राहिली तसतसा तो अहवाल कपाटात बघवेना.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पत्नी गेली. या हिवाळ्यात एकदा धीर करून मी बाईंना फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. फोन त्यांच्या बहिणीनं उचलला. बाई दिवाळीआधीच गेल्या होत्या.

म्हणजे ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांच्यातलं एक माणूस कमी झालं. मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गावाला गेलो.

सुमन अंगणात तूर पाखडत होती. केस पांढरे झाले होते. भारत पोती शिवत बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं, जसं घडलं तसं. सुमननं सूप खाली ठेवलं नाही.

"मला काय सांगता? पावडरीचा वास आमाला कळत न्हाय व्हय? ह्यांला सांगा."

मी भारतकडं वळलो. त्यानं मान वर केली नाही. सुई पोत्यातून दोनदा गेली.

"तोंडी नगं," तो म्हणाला. "तुमी त्या टायमाला लिवलं व्हतं. आताबी लिवून द्या."

मी लिहून दिलं, खाली सही केली. त्यानं दोनदा वाचलं.

"ग्रामसभेत वाचीन."

"वाच."

"तुमी समोर पायजे."

"येतो."

आणि मी गेलो. भारतनं शब्दान् शब्द अडखळत वाचला. कुणी हसलं. जुने सरपंच "म्हातारपणी डोकं फिरलं ह्यांचं," म्हणत उठून गेले. बायका एका बाजूला बसल्या होत्या. त्यांच्यातून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आमी काय बोललो व्हतो?" त्या कळशीचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. तो माझ्या विचारण्याचा विषय नव्हे.

सभा संपल्यावर सुमननं घरी चहाला बोलावलं. अंगणात लिंबाखाली एक बाज होती, पण मी ओसरीवरच बसलो. मी विचारलं, बाई शेवटच्या कधी आल्या होत्या?

"गेल्या उन्हाळ्यात. लई थकल्या व्हत्या. वही काढलीच न्हाय. म्हणल्या, सुमन, जरा पडू का गं? त्या बाजंवर निजल्या ते दिस कलंस्तोवर. लाइट नव्हती, म्या सुपानं वारा घालत बसले." ती बाजेकडं बघत राहिली, आणि मग एकदम हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "घोरत व्हत्या, भाऊसाहेब! एवढ्या शिकलेल्या बाई, आन कशा घोरत व्हत्या!"