काश्यप गोत्राचे पाहुणे

ज्याला नाव नाही, पत्ता नाही आणि वागायची रीतही नाही, अशा माणसाशी कसं बोलावं हे साऱ्या भूतलावर एकाच गृहस्थाला कळलं होतं, आणि ते गृहस्थ माझ्या बायकोचे मामा होते. तसे ते दूधविनायकाच्या अख्ख्या गल्लीचे मामा. मी बँकेच्या बदलीवर काशीला आलो आणि वर्षभरात त्या गल्लीचा जावई झालो, म्हणून माझेही. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्येपण. महाराष्ट्रातून कोणी आलं की शिंदे घाटावर श्राद्ध सांगायचं, मग घरी नेऊन नामावळीच्या वहीत त्याच्या घराण्याचं पान काढायचं आणि वाडवडिलांच्या सह्यांखाली त्याची सही घ्यायची. संकल्पात ज्याला गोत्र सांगता येत नाही त्याला काश्यप गोत्र देऊन मोकळं करतात. बाकीचे उपाध्ये हा रिवाज घाटापुरता पाळत, मामा दिवसभर पाळत. गल्लीत आडवा बसलेला सांड दिसला की ते हात जोडून म्हणत, "काश्यप गोत्रोत्पन्न, जरा सरका. जावईबापूंना बँकेची देर होतेय." सांड सरकायचा. मी सांगितलं तर तोंड फिरवून रवंथ करायचा.

घरात फोन आला तेव्हा रामनगरच्या कुठल्याशा आरा मशीनचे, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीचे, फोन चुकून त्यांच्याकडे येऊ लागले. "राँग नंबर" हे शब्द मामांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. "आरा मशीन तो यहाँ नहीं है भइया, लेकिन आप कहिए. भोजन हुआ?" असं विचारल्यावर फोन ठेवणार कोण? असाच एक चुकलेला गृहस्थ पुढे दर महिन्याला पूल ओलांडून लस्सीची कुल्हडं पाठवू लागला. मी त्याचं नाव विचारलं तर मामा म्हणाले, "सांगायचं असतं तर त्याने सांगितलं असतं ना?" आणि गल्लीत कुणाकडे तार आली की ती वाचायला मामांकडेच यायची. इंग्रजीतल्या तीन शब्दांची वाईट बातमी ते मराठीत इतक्या सावकाश उतरवत, की ऐकणाऱ्याचा चहा आधी पिऊन व्हायचा.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला आणि मला वाटू लागलं की काशीत दोनच ज्ञानी उरलेत, एक विश्वनाथ आणि दुसरा मी. त्या भरात मी मामांच्या नामावळीचं इंटरनेटवर एक फुकटातलं पान उघडलं. कल्पना सोपी होती. पुणे, नागपूर, इंदूर, अमेरिका, जिथून कुठून यजमानांनी आपल्या घराण्याची माहिती त्यात लिहायची. मामांनी ती वहीशी ताडून बोरूने उतरवून घ्यायची. कोणीही लिहू शकेल, नाव देण्याची सक्ती नाही, अशी सोय मी मोठ्या उदारपणे ठेवली होती. त्या उदारपणाला माझ्या क्लासच्या मास्तरांनी 'अज्ञान' असा शब्द वापरला.

आठवडाभरात पान सार्वजनिक चबुतऱ्यासारखं झालं. एकाने स्वतःला थेट रामायणापासून जोडून घेतलं. एकाने फक्त शिव्याच लिहिल्या, रोमन अक्षरांत, त्यामुळे त्या वाचायलाही मेहनत पडली. मी पुसायला निघालो तर मामा म्हणाले, "थांबा. उत्तर लिहा." सायबर कॅफेच्या त्या कोंदट खोलीत चपला बाहेर काढून, खुर्चीवर मांडी घालून त्यांनी सांगितलं ते असं: "आपला राग पोचला. तो आपल्या घराण्यातल्या कोणत्या पिढीवर आहे ते कळवावे, म्हणजे योग्य त्या पानावर घेता येईल." चौथ्या दिवशी त्या इसमाने आपल्या चुलत्याचं पूर्ण नाव कळवलं.

पण एकजण या सगळ्यांहून वेगळा होता. तो शिवी द्यायचा नाही, सही करायचा नाही, फक्त लोकांच्या मजकुराखाली एक ओळ लिहून जायचा. न्यू जर्सीच्या एका सद्गृहस्थांनी लिहिलं, आमचे खापरपणजोबा संस्थानचे कारभारी. खाली ओळ आली, "कारभाऱ्यांच्या घोड्यांना चारा घालत." मामांनी वही काढली. खापरपणजोबांच्या स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं, 'पागेवर चाकरी'. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी मला पेढा दिला.

"मामा, हा माणूस उपद्रवी आहे. लोक रागावून पान सोडून चालले."

"भांडतोय म्हणजे बसलाय, जावईबापू. बसलाय तोवर पाणी विचारायचं."

"आणि तो आहे तरी कोण?"

"काश्यप गोत्री. आणखी काय हवं तुम्हाला?"

मामांचं मन त्याच्यात गुंतायला कारण होतं. एका वर्षी गंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा वह्यांची पेटी जमिनीवर राहिली होती. ती वर ठेवायची राहिली मामांच्याच हातून. एका घराण्याचं पान धुऊन निघालं आणि वरच्या तीन पिढ्या गेल्या. त्या घराण्याचं माणूस श्राद्धाला आलं की मामा ते पान उघडत. "शंभर वर्षं गंगेने सांभाळली, मी एक रात्र नाही सांभाळू शकलो," एवढंच म्हणत.

एके दिवशी न्यू जर्सीहून मला खरमरीत पत्र आलं: तो अनामिक तरी राहील किंवा आम्ही. मी मामांना न विचारता कॅफेत गेलो. अनामिकाच्या कॉम्प्युटरचा आकडी पत्ता शोधला, त्याचे सुरुवातीचे आकडे टिपले आणि त्या आकड्यांनी सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांना पानावर मज्जाव केला. क्लासमध्ये शिकवलेलं पहिल्यांदाच उपयोगी पडलं म्हणून येताना कचौरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन गेलो. पानावर अनामिकाची एक ओळ होती, मी कुलूप घालण्याच्या जरा आधी आलेली. मी ती वाचून दाखवली: "पुरात गेलेल्या पानावर पहिलं नाव विसाजी. माझ्या आजीला तिन्ही पाठ होती. पुढची दोन विचारलीत तर सांगेन."

मामा मांडी सोडून उभे राहिले. "लिहा. लिहा लवकर. कृपा करून सांगावीत, म्हणा. हात जोडून विचारतो, म्हणा." मी लिहिलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या: तुमच्या पत्त्याला इथे लिहिण्यास मालकाने मनाई केली आहे. तेव्हा मला उमगलं की त्या आकड्यांत एकटा अनामिक नव्हता. सगळं बनारस होतं. मी आणि मामाही.

"काय म्हणतंय?" मामांनी चष्मा पुढे करून विचारलं.

"सर्व्हर आजारी आहे म्हणे."

मामांनी त्या दोन ओळींवरून सावकाश नजर फिरवली. मग म्हणाले, "बरं. आजाऱ्याला घाई करू नये."

कुलूप काढायला मला नऊ दिवस लागले. घालण्याचा धडा मी मन लावून शिकलो होतो. काढण्याचा होता त्या सकाळी मी मलइयोचा गोड फेस खायला गेलो होतो. दहाव्या दिवशी मामांचं पत्र पानावर चढलं. उत्तर आलं नाही. पुढे वर्षभर मामा रोज संध्याकाळी दारातूनच विचारत, "आला का हो आपला पाहुणा?" मी म्हणायचो, "अजून नाही," आणि जिना पटकन चढायचो. मग ती फुकटची पानं देणारी कंपनीच बंद पडली, आणि माझी बदली झाली.

मामा गेले तेव्हा आम्ही काशीला गेलो. घाटावरचं आटोपून वहीत त्यांचं नाव घालायला बसलो, आणि माझ्या हाताने ते धुतलेलं पान उघडलं गेलं. पिवळट कागदावर मामांचं टपोरं अक्षर होतं: 'विसाजी. सांगणार कोणी एक सज्जन, काश्यप गोत्र. पुढील दोन नावे सांगणार होते, इतक्यात वाऱ्याने दार लागले.'

कॅफेच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. आणि गल्लीतल्या सगळ्या तारा वाचणाऱ्या माणसाला इंग्रजीच्या दोन ओळींचा खोटा अर्थ सांगायला मी निघालो होतो.

खाली दोन ओळींची जागा कोरी सोडलेली आहे. माझं नाव त्या पानावर कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.